तालमीतून प्रोफेशनल रेसलिंगला जायचं असेल तर अंगाची तयारी कशी करायची?

वारणाकाठची

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावासाठी आहे, तो स्वतः असं कुठे लिहिणारा नाही म्हणून मीच लिहितेय. वय १९, उंची ५ फूट ११, वजन ८८ च्या आसपास. आठवीत असल्यापासून कोल्हापुरात तालमीत आहे, आधी माती आणि आता काही वर्षं मॅटवर पण. जत्रेच्या मैदानात चांगल्या कुस्त्या मारतो, पण निवड चाचणीला गेला की अडकतो. आता त्याने मनात पक्कं केलंय की डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या प्रोफेशनल रेसलिंगला जायचं. आमचे अप्पा जुने पैलवान, त्यांच्या कानावर गेल्यापासून घरात दोघांचं बोलणं बंद आहे, अप्पांचं म्हणणं ही लुटुपुटूची कुस्ती, लंगोटाचा अपमान आहे. मला तसं वाटत नाही, पोराची ओढ खरी आहे हे दिसतंय मला, पण भीती वाटते ती मानेची आणि डोक्याची.

विचारायचं ते असं की तालमीत इतकी वर्षं जी मेहनत झालीय ती तिकडे कामाला येते का सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं? सध्या तो जोर-बैठका बंद करून नुसता जिममध्ये छाती आणि दंड मारतोय, कुणीतरी सांगितलंय की बॉडी दिसली की घेतात, हे खरंय का? आणि रिंगमध्ये पाय टाकायच्या आधी घरी राहून, तालीम न सोडता, वर्षभरात काय करता येईल? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल. ते सगळं खोटं असतं हे सांगायला कृपया कुणी येऊ नका, ते घरात रोज ऐकतेय.

---

लालमाती

ताई, पहिलं काम म्हणजे त्याला सांगा जोर-बैठका बंद करू नकोस. मी बरीच वर्षं तालमीत काढली, आता शाळेत खेळाचा शिक्षक आहे, माझ्या हाताखालची दोन पोरं या लाईनला गेलीत त्यामुळे थोडं बघितलंय. छाती-दंड फोटोत दिसतात पण रिंगमध्ये माणूस संपतो तो दमाने आणि मांड्यांनी. तुमच्या भावाकडे जे आहे ते जिममधल्या पोराला सहज मिळत नाही, म्हणजे दम, कंबर, मनगटाची पकड, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ८०-९० किलोचा माणूस अंगावर येऊन पडला तरी न घाबरायची सवय. समोरच्याचं वजन कुठे आहे, कुठल्या पायावर आहे, हे हात लावल्या लावल्या कळणं ही वर्षानुवर्षं जोड लढवून आलेली गोष्ट आहे. पट काढून माणूस खांद्यावर घेता येत असेल तर तिकडचं उचलणं त्याला जड जाणार नाही.

पण एक गोष्ट बरोबर उलटी आहे आणि तिथेच पैलवान पोरं अडकतात. पैलवानाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं असतं, पाठ लागू द्यायची नाही. हवेत असला तरी तो अंग फिरवतो, पोटावर यायला बघतो, ब्रिज टाकतो म्हणजे डोक्यावर आणि पायांवर अंग कमानीसारखं उचलून धरतो, हात खाली टेकवतो. हे डोक्याने करत नाही तो, अंगात भिनलेलं असतं. आणि तिकडे पाठीवर पडणं हाच पहिला धडा. त्या वेळी जुन्या सवयीने हात टेकवला की मनगट नाहीतर कोपर गेलंच म्हणून समजा, आणि अर्धवट वळला तर खांद्यावर पडणार. समोरचा त्याला सरळ पडेल या हिशोबाने टाकतोय आणि हा हवेत वळतोय, मग दोघांना लागतं. माझ्या एका पोराला ताकदीत काहीच कमी नव्हतं, पण ही सवय मोडायलाच त्याचे सगळ्यात जास्त दिवस गेले.

दुसरं म्हणजे मातीची आठवण विसरायला लागते. आपण आखाड्यात ताक, तेल, हळद, काव घालून माती मऊ करतो, रोज फावड्याने उकरतो, ती अंग झेलते. रिंगला लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या असतात, वर पातळ फोम आणि त्यावर ताणलेलं कापड, बस्स. टीव्हीवर गादीसारखं दिसतं, तसं अजिबात नसतं.

बैठका चालू ठेवा पण आकड्याच्या मागे लागू नका. या वयात हजार-हजार मारून नंतर गुडघे धरून बसलेली माणसं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. दोनशे-तीनशे नीट, पूर्ण खाली जाऊन, श्वास सांभाळून, आणि आठवड्यातून दोन दिवस त्याऐवजी खांद्यावर वजन घेऊन कमी बैठका. दोर चढणं सोडू नको म्हणावं, त्याच्याइतकी पाठ आणि पकड दुसऱ्या कशाने होत नाही. आणि खुराक. जोड लढवणं कमी केलं आणि तूप, थंडाई, मटण तेवढंच ठेवलं तर सहा महिन्यात पोट सुटतं, हे मी किती पैलवानांचं बघितलंय सांगू.

अप्पांना दुखवू नका, त्यांचं पण बरोबर आहे त्यांच्या जागी. पण दारासिंगांचं नाव काढा त्यांच्यासमोर. तेही आखाड्यातलेच पैलवान, आणि १९६८ ला मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं ती कुस्ती या प्रोफेशनल प्रकारातलीच. त्या पिढीच्या माणसांच्या मनात दारासिंगांबद्दल काय आदर आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

---

तोक्योत_मराठी

लालमाती यांनी बैठकांचं लिहिलंय त्याला धरून एक गोष्ट सांगतो, ही अप्पांपर्यंत नक्की पोचवा.

जपानमध्ये प्रोफेशनल रेसलिंग म्हणजे फार मानाची गोष्ट आहे, मी इथे नोकरीला आल्यापासून तोक्योतल्या कोराकुएन हॉलमध्ये जमेल तेव्हा बघायला जातो. इथल्या शिकवणीवर ज्या माणसाची मोठी छाप आहे तो कार्ल गॉच. बेल्जियमचा, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कुस्ती खेळलेला, नंतर इंग्लंडमध्ये विगन गावात बिली रायलीच्या जिममध्ये तयार झालेला. इथे त्याला कुस्तीचा देव म्हणतात, अक्षरशः. आणि त्याचा व्यायाम काय होता? आपले जोर आणि आपल्या बैठका. भारतीय पैलवानांची मेहनत त्याने उचलली आणि जपानी पोरांकडून करून घेतली. पत्त्यांचा जोड पिसायचा, एका रंगाचं पान आलं की जोर, दुसऱ्या रंगाचं आलं की बैठका, पानावर जेवढा आकडा तेवढे, आणि ५२ पानं संपेपर्यंत थांबायचं नाही. अँटोनिओ इनोकी त्याच्या हाताखाली शिकलेला, त्याने १९७२ मध्ये न्यू जपान ही रेसलिंग कंपनी सुरू केली आणि त्यांच्या डोजोत, म्हणजे त्यांच्या तालमीत, आजही नवीन पोराची सुरुवात शेकड्यांनी बैठका मारण्यापासून होते. म्हणजे तुमचा भाऊ जी गोष्ट जुनी म्हणून टाकून देतोय, ती या धंद्यातल्या सगळ्यात कडक शाळेत पाया म्हणून धरलीय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खरंच सांगतो.

तिथल्या शिकाऊ पोरांना यंग लायन म्हणतात. डोजोत राहायचं, झाडलोट करायची, मोठ्यांचे कपडे धुवायचे, सगळ्यांसाठी एका भांड्यात शिजवायचं. तालमीत राहिलेल्या पोराला हे नवीन नाहीच. साधी काळी चड्डी, साधे बूट, ना रंगीत कपडे ना एन्ट्रीचं गाणं. डाव पण मोजके, बॉडीस्लॅम, ड्रॉपकिक, पाय धरून बॉस्टन क्रॅब, एवढ्यावरच कितीतरी मॅचेस काढायच्या आणि बहुतेक हरायच्या. मला वाटतं यात मोठं शहाणपण आहे. तीन डाव घेऊन लोकांना खिळवून ठेवता आलं तर तीस डावांचं पुढे बघता येतं. आपली पोरं यूट्यूब बघून पहिल्या महिन्यात टर्नबकलवरून, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यावरून, उलटी उडी मारायला बघतात, तेवढं त्याला करू देऊ नका.

---

तिसरी_दोरी

मी यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूळ सोलापूरचा, रेसलिंग उत्तरेत जाऊन शिकलो, सध्या नोकरी करून देशातल्या छोट्या शोजमध्ये उतरतो. यावर पोट चालत नाही हे आधीच सांगतो, इथे या शोजवर पूर्णवेळ जगणारी माणसं फार कमी आहेत, त्यामुळे भावाचं कॉलेज बंद होऊ देऊ नका.

आता मुद्द्याचं. आम्ही पडण्याला बंप म्हणतो. पहिले कितीतरी दिवस फक्त हेच असतं. सुरुवात बसूनच होते, गुडघे वाकवून बसायचं, हनुवटी छातीला लावायची आणि मागे जायचं. मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग कुणीतरी उचलून टाकतो. हनुवटी छातीला चिकटलेलीच पाहिजे, नाहीतर डोकं मागे आपटतं, आणि या सगळ्या धंद्यात याच्याइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही. पाठीचा वरचा सपाट भाग आधी टेकला पाहिजे, कंबर नाही, माकडहाड तर मुळीच नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, पाठीबरोबर एकदम आपटायचे म्हणजे मार पसरतो. श्वास बाहेर सोडायचा, आत धरला तर छातीत कोंडतो. दात मिटलेले, जीभ आत. हे सगळं अर्ध्या सेकंदात, आणि दमलेला असताना, घाम डोळ्यात जात असताना, दहाव्या मिनिटाला पण तसंच्या तसं. त्यासाठी दम पाहिजे. दम संपला की पहिली सुटते ती हनुवटी. आमच्याकडे ज्यांना लागतं त्यातल्या बहुतेकांना मॅचच्या शेवटी शेवटी लागतं.

मग दोऱ्या. लोकांना वाटतं दोरीवर जाऊन आपटायचं आणि परत यायचं. एका दोरीपासून समोरच्या दोरीपर्यंत ठरलेली पावलं असतात, साधारण तीन, रिंग वीस फुटी असेल तर लांब टाकायची, छोटी असेल तर आखूड. शेवटच्या पावलाला वळून वरची दोरी हाताने धरायची, पाठ टेकवायची, आणि वरची दोरी काखेखालून गेली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी आत स्टीलची केबल असते, वरून पाईप आणि टेप. पहिल्या आठवड्यात काखेपासून बरगड्यांपर्यंत जांभळा पट्टा उठतो, शर्ट घालताना हात वर जात नाही. ते होतंच, सगळ्यांना होतं, हळूहळू कातडी तयार होते.

तिसरी गोष्ट तुमच्या भावाला सगळ्यात अवघड जाईल, आणि ती अंगाची असून अंगाची नाही. कुस्तीत समोरच्याला आपला जोर कळू द्यायचा असतो, इथे समोरचा माणूस आपलं अंग आपल्या हातात देतो. मी त्याला उचललं की त्याची मान माझ्या जबाबदारीवर. तो कसा पडणार, त्याचं डोकं कुठे आहे, मला दिसतंय का, हे सतत बघायचं आणि तरी लोकांना वाटलं पाहिजे की याने त्याला चिरडलं. पैलवान पोरं सुरुवातीला फार घट्ट धरतात. पकड सैल ठेवून ताकद दाखवणं ही वेगळीच कला आहे आणि मला ती फार आवडते. खोटं म्हणणाऱ्यांनी एकदा उभ्याने पाठीवर पडून बघावं, मग बोलू.

बॉडी दिसली की घेतात याबद्दल. अंगकाठी बघतात, नाही असं नाही, मोठ्या कंपन्यांना उंची आणि आकार हवाच असतो. पण आत्तापर्यंत आपल्याकडून कोण गेलं ते बघा. कविता देवी आधी वेटलिफ्टर, २०१६ च्या साऊथ एशियन गेम्सला सुवर्ण, मग जालंधरला खलीच्या शाळेत शिकली आणि २०१७ ला डब्ल्यूडब्ल्यूईत गेली. रिंकू सिंग उत्तर प्रदेशातला भालाफेक करणारा, अमेरिकेत बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, झाला, तिथून २०१८ ला याच्यात. सौरव गुर्जर किकबॉक्सिंग करायचा आणि टीव्हीवर भीम झाला होता. सगळ्यांकडे अंग होतं पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी तयार केलेलं होतं. आणि उलट उदाहरण, गेबल स्टीव्हसन, टोकियो ऑलिंपिकचा १२५ किलोचा सुवर्णविजेता, त्याला घेतलं आणि २०२४ मध्ये सोडून पण दिलं. तिकडे कर्ट अँगल १९९६ चा सुवर्णविजेता, तो मात्र बघता बघता मोठा झाला. कुस्ती दोघांचीही जगात एक नंबर. फरक पडला तो लोकांसमोर उभं राहून त्यांना आपलंसं करण्यात, तोंडाने आणि चेहऱ्याने.

ट्रायआउटमध्ये, म्हणजे कंपनीच्या निवड चाचणीत, पण तसंच असतं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत डब्ल्यूडब्ल्यूईने ट्रायआउट घेतला होता. अशा ठिकाणी आधी दम काढतात, बैठका, बर्पी, कोलांट्या, दोऱ्यांवर पळणं, पोरं बादली शोधतात. आणि त्याच थकलेल्या अवस्थेत माईक हातात देऊन सांगतात बोल, तू कोण आहेस. तालमीतली पोरं लाजतात, खाली बघतात. त्याला आत्तापासून बोलायला लावा. जत्रेच्या मैदानात निवेदक असतात ना, हलगीच्या आवाजावर हजारो माणसांना धरून ठेवतात, त्यांच्या शेजारी उभं राहून ऐक म्हणावं, जमलं तर दोन कुस्त्या पुकारायला माग. मराठीत बोलता आलं की हिंदी येईल, इंग्रजी पण येईल.

शाळा निवडताना पैसे भरायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बसून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर परत या. नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात वरून उड्या मारायला लावत असतील तर परत या. डोक्याला लागल्यावर काय करता असं सरळ विचारा, आणि उत्तर ऐकताना चेहरा बघा.

---

फिजिओ_ठाणे

मी खेळाडूंबरोबर काम करते, कुस्तीवाले बरेच येतात. ताईंच्या भीतीबद्दल लिहिते, कारण ती भीती योग्य आहे.

मान. पैलवानाची मान जाड असते म्हणून ती सुरक्षित असते असं नाही. वर्षानुवर्षं ब्रिज आणि खेचाखेची करून मणक्यांची झीज लवकर सुरू झालेली मी २२-२३ वर्षांच्या मुलांत बघितलीय. तुमच्या भावाला नीट विचारा, कधी लढताना खांद्यापासून हातापर्यंत करंट लागल्यासारखं झालंय का, हाताला मुंग्या येतात का, एका हाताची पकड कमी वाटते का. पोरं हे घरी सांगत नाहीत. एकाचंही उत्तर हो असेल तर रिंगचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, लागला तर एमआरआय करा. कर्ट अँगलचं नाव वर आलंय. त्याने १९९६ मध्ये मान मोडलेली असताना सुवर्ण जिंकलं ही गोष्ट मुलांना फार भारी वाटते, पण २००३ मध्ये त्याला मानेचं ऑपरेशन करावं लागलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्याने वेदनेत आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात काढली, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलंय.

मानेचा व्यायाम असा करा. डोक्यावर पूर्ण वजन टाकून हलणारा ब्रिज कमी करा. त्याऐवजी हाताने डोक्याला विरोध करायचा, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, मान जागची हलू न देता दहा-दहा सेकंद. मग पालथं झोपून डोकं बाकाच्या बाहेर काढून वर-खाली, उताणं झोपून हनुवटी छातीकडे. शेवटचा बघायला सोपा वाटतो पण वर ज्या हनुवटीबद्दल लिहिलंय ती मॅचभर छातीला धरून ठेवणारे स्नायू हेच, आणि पैलवानांचे नेमके हेच कच्चे असतात, कारण त्यांची मागची बाजू फार तयार असते. दोन महिने नेमाने करायला लावा आणि मगच पडायचं शिकू द्या.

डोकं. याच्यावर मला कुणाशीही तडजोड नको आहे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रेसलिंग शाळेत शिकणारा एक मुलगा सरावातच गेला. त्याला आधी एकदा डोक्याला मार बसला होता आणि तरी परत रिंगमध्ये उतरवलं होतं. पुढे कोर्टात शाळेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो, तरुण मुलांना हा धोका जास्त. त्यामुळे पडल्यावर डोकं जड वाटलं, उलटीसारखं झालं, दिवे टोचायला लागले, एखाद मिनिटाचं काही आठवत नाही असं झालं, तर त्या दिवशी सराव बंद म्हणजे बंद. पुढचे एक-दोन दिवस पूर्ण आराम आणि मग पायरीपायरीने, आधी चालणं, मग हलकं पळणं, पडणं सगळ्यात शेवटी आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. बेशुद्ध झाला, उलट्या थांबत नाहीत, झोपेतून उठत नाही, तर थेट हॉस्पिटल.

आता जिम. जिम वाईट नाही, नुसती छाती आणि दंड वाईट. छाती आखडली की खांदे पुढे येतात आणि पाठीवर सपाट पडताच येत नाही. बार घेऊन स्क्वॉट, डेडलिफ्ट, डोक्यावर वजन उचलणं, रोइंग, आठवड्यातून तीन दिवस पुरे. खांदे आणि कंबर मोकळी करायला रोज पंधरा मिनिटं. दमासाठी लांब पळण्यापेक्षा तुकड्यांत, अर्धा मिनिट जोरात, अर्धा मिनिट हळू, असं दहा-बारा मिनिटं. मॅटची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत संपते, इथे त्यापेक्षा जास्त वेळ थांबून-थांबून स्फोटक काम करायचं असतं. खाण्यात किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ८८ किलोला १३० ते १५० ग्रॅम. लिटरभर दुधात ३५ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात ६, बाकी डाळ, चिकन, पनीर, शेंगदाणे. डबे लागतातच असं नाही.

आणि इंजेक्शन. सरळ लिहिते कारण तालमीत आणि जिममध्ये दोन्हीकडे हे चालतं. या धंद्यातली कितीतरी माणसं चाळिशीच्या आत हृदयाने गेली. एडी गरेरो २००५ मध्ये गेला तेव्हा ३८ वर्षांचा होता, त्यानंतरच डब्ल्यूडब्ल्यूईने २००६ पासून तपासण्या सुरू केल्या. तुमचा भाऊ अजून निवड चाचण्यांना जातोय, नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, तपासणीत स्टेरॉईड सापडलं तर चार वर्षांची बंदी येऊ शकते, म्हणजे ऐन उमेद संपली. जिममधला कोणी "ताकदीचं" म्हणून काही देत असेल तर त्यात काय आहे हे कागदावर लिहून माग म्हणावं. देणार नाही.

जाता जाता, रिंगचं कापड आणि मॅट यांवरून नायटा फार पसरतो. स्वतःचा टॉवेल, सराव झाल्या झाल्या आंघोळ, नखं कापलेली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे.

---

वारणाकाठची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं त्याला वाचून दाखवलं. मुंग्यांचं विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग म्हणाला डाव्या हाताला कधीकधी, लढत झाल्यावर. मला हे माहितीच नव्हतं. शुक्रवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची. गॉचची गोष्ट अप्पांना सांगितली, काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना त्याला विचारलं, किती बैठका मारतोस सध्या. महिन्याभरात पहिल्यांदा बोलले त्याच्याशी.

एक शेवटचं विचारते. डॉक्टरांनी परवानगी दिली असं धरून, आमच्याकडे रिंग कुठेच नाही, मग पडायचा सराव कुठे करायचा? तो म्हणतोय तालमीच्या मातीत मित्राला घेऊन करतो.

---

तिसरी_दोरी

मातीत नको आणि मित्राबरोबर तर नकोच. चुकीची सवय लागली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो. एकट्याने गादीवर, फक्त बसून आणि उकिडवं बसून, एवढंच, आणि मोबाईलवर बाजूने शूट करून हनुवटी बघायची. उभ्याने पडणं शिकवणारा समोर असल्याशिवाय करायचं नाही. डॉक्टरांनी हाताला जोर देऊ नको म्हटलं तर हे पण नाही.

---

लालमाती

ज्युदो. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्युदोचे वर्ग असतात, कोल्हापुरात, सांगलीत चौकशी करा. ज्युदोत पहिले काही आठवडे पडायलाच शिकवतात, हनुवटी आत, हात आपटायचा, सगळं हेच, आणि मॅटवर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. फी पण परवडते. पैलवानाला ज्युदोवाले आनंदाने घेतात, त्यांना लढायला जोड मिळतो. फक्त जाऊन स्पष्ट सांगा की मला आधी पडायला शिकायचंय, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याला लढायला उभा करतील आणि तो सवयीने सगळ्यांना उचलून टाकत बसेल. सकाळी तालीम, संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस ज्युदो, आणि वस्तादांना विचारून करा, लपून नको. शुक्रवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथे कळवा.